चारशे बारा लाल नावं

लॅबचे संगणक ती सांभाळायची, म्हणून तिथे तिला सगळे सिस्टिमताई म्हणत. कुठलं मूत्रपिंड कुणाला जुळेल, ते ही लॅब ठरवायची. चारशे बारा रुग्णांचे रिपोर्ट तिच्या सर्व्हरवर होते. कागदी प्रती केव्हाच बंद झाल्या होत्या.

आदल्या दिवशी तिने सगळे रिपोर्ट नव्या डिस्कवर उतरवले. संगणकावरच्या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे नुसती लिंक, खरा रिपोर्ट कुठे आहे त्याचा पत्ता. तिने पाच नावं उघडून पाहिली. उघडली. सकाळी तिने निर्धास्तपणे जुनी डिस्क पुसून टाकली. ती पाचही नावं जुन्याच डिस्कवरून उघडली होती, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

सव्वादहाला मोठ्या डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या. "मूत्रपिंड मिळतंय! प्रतीक्षायादीत त्या शाळेच्या बाई पहिल्या; वॉर्डात तयार बसल्यात. त्यांचा रिपोर्ट काढ. अकरापर्यंत कळवलं नाही, तर ते पुढच्या हॉस्पिटलला जाईल."

तिने नाव टाकलं. 'अशी फाइल नाही.' तिने अख्खी यादी मागवली. सगळी नावं लाल. प्रत्येकापुढचा बाण जुन्या डिस्ककडे वळलेला.

"पुन्हा तपासणी केली तर?" तिने विचारलं.

"पाच तास लागतील गं!"

तिने सगळ्या लिंका नव्या डिस्ककडे वळवल्या. चुकू नये म्हणून आज्ञा दोनदा वाचली, मग बटण दाबलं. नावं लालच राहिली. अर्धा तास ती आज्ञा उलटसुलट करून बघत राहिली. म्हणजे रिपोर्ट उतरलेच नव्हते? आपण सगळंच पुसून बसलो?

तिने थोरल्या भावाला फोन लावला. हे काम तिला त्यानेच शिकवलं होतं. तो दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत होता, अर्धं तोंड बधिर.

"दादा, मी लोकांचे रिपोर्ट घालवले."

"रदू नतो," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "लिंका राहू दे. दिश्कवर जा. एकेक पायरी उतर. ताय दिशतं?"

"रिपोर्ट नावाचा फोल्डर."

"आत?"

ती आत गेली. आत पुन्हा एक रिपोर्ट नावाचाच फोल्डर. त्याच्या आत सगळे चारशे बारा. उतरवताना एक पायरी जास्त पडली होती, एवढंच.

तिने पत्ता दुरुस्त केला. लाल नावं एका दमात निवळली. शाळेच्या बाईंचा रिपोर्ट उघडला. डॉक्टरीणबाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. जुळत होता. त्यांनी फोन फिरवला, ऐकलं आणि हळूच खाली ठेवला. घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"मी सांगते त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको, मीच जाते."

बाई कॉटवर बसल्या होत्या, ऑपरेशनचा झगा घालून, उपाशीपोटी. शेजारी नवरा त्यांच्या चपला पिशवीत भरत होता. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणाली.

नवरा उठून खिडकीकडे गेला.

"मग आता मी पाणी पिऊ शकते ना?" बाईंनी विचारलं.

सिस्टिमताईने पेला भरून दिला. तो घेताना बाईंनी तिचा हातही धरला.

याला चार महिने झाले. बाईंचं नाव अजून प्रतीक्षायादीत पहिलंच आहे.