बाळची पाठ

"थांब, थांब, मान धर," मिस्त्री म्हणाले. बाळला मान धरता येत नव्हती, कधीच आली नव्हती, पण म्हणायची सवय. पलंगावरून खुर्चीत घेताना मिस्त्रींच्या जांघेत कळ आली, गुडघा लटपटला आणि दोघंही खाली आले. मिस्त्री फरशीवर, बाळ त्यांच्या अंगावर. बाळ खदखदून हसला. त्याला हा नवा खेळ वाटला.

बाळ हा मिस्त्रींचा मुलगा, वय एकेचाळीस. तो बोलत नसे, चालत नसे, हातात धरलेलं त्याला सोडता येत नसे. त्याची दाढी रोज मिस्त्रीच करत, तरी सगळ्या गल्लीला तो बाळच होता. मिस्त्रींनी त्याला उचलायचा तीनदा प्रयत्न केला. मग भिंतीला पाठ टेकून ते तसेच बसून राहिले. शेजारचा इस्त्रीवाला दार ढकलून आत येईपर्यंत तासभर गेला होता.

"अहो मिस्त्री, हाक तरी मारायची!"

"मारली असती," मिस्त्री म्हणाले, "पण हा घाबरला असता."

मिस्त्री शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. पिशवी खांद्याला लावून घरोघर जायचे, पण लांबचं काम कधी घ्यायचे नाहीत. दर दोन तासांनी घरी येऊन बाळची कूस बदलायची असे. यंत्र उघडं पडलेलं असलं तरी ते उठत. लोक चेष्टेनं म्हणत, मिस्त्री म्हणजे दोन तासांचे पाहुणे. बायको होती तोवर निम्मा भार तिच्याकडे असे. ती जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पडून पडून बाळच्या पाठीला एकदाही जखम झाली नव्हती. एका मोठ्या डॉक्टरांनी ती पाठ उघडी करून शिकाऊ डॉक्टरांना दाखवली होती आणि विचारलं होतं, "नर्स कोण ठेवलीय?" मिस्त्रींना आयुष्यात मिळालेली शाबासकी तेवढी एकच.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी भाची त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. हर्निया निघाला. ऑपरेशन होईल, पण यापुढे वजन उचलायचं नाही, बादलीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशनच्या दिवसांत चर्चमधली माणसं पाळीपाळीनं आली. पहिल्या आठवड्यात चौघं, मग दोघं, मग फोन. कुणाचंच चुकलं नव्हतं. ज्याची त्याची नोकरी होती, घरं होती. पाळकसाहेब मात्र शेवटपर्यंत येत राहिले. तेही सत्तरीचे. बाळचे पाय धरता धरता त्यांनाच धाप लागे.

"मामा, आता माझं ऐक," भाची म्हणाली. "अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवतात त्या संस्थेत एक पलंग रिकामा झालाय. आज नाही म्हटलंस तर पुन्हा मिळायचा नाही."

"मला देवानं काय काय दिलं ते मोज बरं. घर भाड्याचं. बायको त्यानं परत नेली. सांभाळायला दिलेलं हे एकच. उद्या त्यानं विचारलं, तर काय सांगू? दुसऱ्याच्या दारात ठेवून आलो?"

"सांभाळायचं म्हणजे उराशी धरूनच बसायचं का? त्या दिवशी तू बाळदादाला पाडलंस, मामा."

ती हळूच बोलली होती. मिस्त्री बाळच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. मग म्हणाले, "त्याचे कपडे मी भरतो. तुला घड्या जमायच्या नाहीत."

संस्थेच्या हॉलमध्ये सव्वीस पलंग होते आणि एका पाळीला दोन मावश्या. हॉल स्वच्छ होता, खिडक्या मोठ्या होत्या. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यानं मिस्त्रींना जास्तच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मोठ्या मावशीला समजावलं. घास जिभेवर ठेवायचा नाही, गालात सारायचा. पाणी चमच्यानं. ठसका लागला की पाठीवर मारायचं नाही, पुढे वाकवायचं. कूस दोन तासांनी.

"आणि तो हसला म्हणजे प्रत्येक वेळी खुशीत असतो असं नाही. कधीकधी दुखतं तेव्हाही हसतो."

"ते कसं ओळखायचं?" मावशीनं खरंच विचारलं.

एकेचाळीस वर्षांचं ओळखणं दोन वाक्यांत कसं सांगायचं?

पुढच्या आठवड्यात ते एका शिंपिणीकडे यंत्र उघडून बसले होते. मध्येच उठून त्यांनी चपला घातल्या.

"निघालात, मिस्त्री?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "नाही," म्हणाले, आणि चपला काढून परत खाली बसले.

भेटायला फक्त रविवारी, तीन ते पाच. तिसऱ्या रविवारी मिस्त्रींनी नेहमीसारखा बाळच्या सदऱ्यात हात घातला आणि हात तिथेच थांबला. माकडहाडाजवळ जखम होती. वर स्वच्छ पट्टी, ती उचलून पाहिली तर रुपयाएवढी, कडा लाल. बाळ हसत होता. मिस्त्रींना ते हसणं माहीत होतं.

मावशी जवळ येऊन उभी राहिली. "मामा, मलम रोज लावतो आम्ही. पण दोन तासांनी नाही जमत हो. दुसरी महिनाभर रजेवर आहे. मी एकटी आणि हे सव्वीस. तुम्ही तक्रार लिहिलीत तरी मला राग नाही."

मिस्त्रींना ओरडायचं होतं. पण मावशीचे हात पाण्यानं पांढरे पडले होते, नखांजवळ चिरा गेल्या होत्या. असे हात त्यांनी घरात नऊ वर्षं पाहिले होते, स्वतःचेच. ओरडायचं कुणावर? त्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेचे शब्द सुचले नाहीत. 'तूच बघ' एवढंच मनात आलं, आणि तेही भांडल्यासारखं.

मग दोघांनी मिळून बाळला कुशीवर वळवलं. मावशीनं जोर लावला, मिस्त्रींनी मान आणि उशी सांभाळली. बाळचं हसू ओसरलं. डोळे जड झाले.

"मामा, आलाच आहात तर," मावशी शेजारच्या पलंगाकडे वळत म्हणाली, "या आजोबांचा हात धरता का? चादर बदलायचीय. घाबरतात, मारतात. उचलायचं काही नाही."

त्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. मिस्त्रींनी हात पुढे केला तसा त्यानं तो दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

"कोण आहे?"

"बाजूच्या पलंगाचा बाप," मिस्त्री म्हणाले.

"माझ्याकडे आलात?"

"हो."

चादर बदलून झाली. मावशी पुढच्या पलंगाकडे गेली. पाच वाजले, घंटा झाली, लोक पिशव्या उचलून दाराकडे निघाले. म्हाताऱ्याला झोप लागली होती, पण त्यानं हात सोडला नव्हता. मिस्त्री पलंगापाशी वाकून तसेच उभे राहिले.

घंटा दुसऱ्यांदा झाली.