सगळं मजेत, सोनं भरपूर

शनिवारी बाबा दुकानाची किल्ली चपलांच्या दुकानदाराला देणार होते, आणि त्याच आठवड्यात बुधवारी इतिहासाच्या बाईंनी आम्हाला सोनं शोधायला लावलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला गुरुवारपर्यंत कळलं नाही. मला जरा उशिराच कळतं. पण एकदा कळलं की मी गप्प बसत नाही, म्हणून तर घरी मला वकिलीणबाई म्हणतात.

बाबा शिंपी आहेत. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसायचा. आठ महिन्यांपूर्वी तो लांब कुठेतरी नवीन बंदराच्या कामावर गेला. तिथे म्हणे पैसाच पैसा. गल्लीतले निम्मे लोक त्याच्यामागून गेले. दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "मी मजेत. नुसती चंगळ आहे इथे." ते ऐकून ऐकून बाबांचंही चित्त मशीनवरून उडालं. दुकान द्यायचं आणि रविवारी निघायचं, असं ठरलं. आईने अबोला धरला. मी नाही धरला, पण आमचं ऐकतो कोण?

तर बुधवार. सोन्याच्या शोधात घरदार सोडून गेलेल्या माणसांवरचा धडा जेमतेम अर्ध्या पानाचा होता. बाई म्हणाल्या, हे वाचून तुम्हाला डोंबल कळणार. त्यांनी आम्हा बेचाळीस जणांना मैदानावर नेलं. लांब उडीच्या खड्ड्यावर सुतळी बांधून चौकोन पाडले होते, शेजारी शिपाईमामा पाण्याची नळी धरून उभे. प्रत्येकाला एकेक ताटली. वाळू घ्यायची, पाणी घ्यायचं, गोल गोल फिरवायचं. हलकी वाळू वाहून जाते आणि जड सोनं तळाशी राहतं. सोनं म्हणजे पितळेचे मणी. डबे बाईंनी काढून घेतले, "ते तुम्ही वाटखर्चासाठी विकलेत." मधल्या सुट्टीत कोरडा पाव मिळाला, तोही अर्धा.

पहिली दहा मिनिटं मजा आली. मग पाय गारठले. लांबूने, म्हणजे माझ्या बाकावरच्या मुलाने, माझ्या चौकोनात हात घातला म्हणून मी त्याच्या ताटलीत चिखल टाकला. वाळू दातांत गेली, केसांत गेली, जिथे जायला नको तिथेही गेली. दोन तास वाळू ढवळून मला मिळालं काय, तर एक खडा आणि एक जुनं बटण. ओल्या कपड्यांतच वर्गात बसवून बाई म्हणाल्या, "आता घरी पत्र लिहा."

मी लिहिलं, "मी मजेत. सोनं भरपूर सापडतंय. काळजी नसावी."

गुरुवारी बाईंनी पत्रं मोठ्याने वाचली. कुणाला मूठभर सापडलं होतं, कुणाला गाडगंभर. लांबूने तर दोन घोडे घेऊन वर एक माडीही बांधली होती. बेचाळीसच्या बेचाळीस जण मजेत. बाईंनी शांतपणे खिशातून तीन पितळी मणी काढून टेबलावर ठेवले. म्हणाल्या, "मी एवढेच टाकले होते. तुम्ही गेल्यावर शिपाईमामांनी चाळणीने काढून आणले."

मग बाईंनी विचारलं, खोटं का लिहिलंत? मी उभी राहिले. उत्तर मला येतं आणि नसलं येत तरी मी उभी राहते. "बाई, एवढं घर सोडून गेलो आणि काही मिळालं नाही, असं कसं लिहायचं?"

"तेव्हाही लोकांनी असंच केलं," बाई म्हणाल्या, "आणि ती पत्रं वाचून घरचे आणखी लोक निघाले. आता दुसरं पत्र लिहा. कसे आहात, हे सांगायचं नाही. काल काय खाल्लं, कुठे झोपलात, एवढंच."

मी पेन उचललं आणि मला काकाचा दर गुरुवारचा फोन आठवला.

संध्याकाळी फोन आला. बाबांनी तो नेहमीसारखा सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, आणि ते बोलायच्या आत मी पुढे घुसले.

"काय वकिलीणबाई, कशा आहात?"

"काका, काल काय जेवलास?"

"मस्त. हॉटेलातलं."

"हॉटेलातलं काय?"

"पाव."

"पावाबरोबर?"

"चहा."

आईने गॅस बंद केला.

"झोपतोस कुठे?"

"खोली आहे ना. चांगली पक्की."

"किती जण?"

"बारा."

"आणि खाटा?"

"सहा. पण दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे वेगळे, त्यामुळे अडचण नाही. उलट खाट गरम मिळते." तो एकटाच हसला.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "काम तरी रोज असतं का रे?"

"आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस फाटकाशी उभं राहायचं. नाव पुकारलं तर पुकारलं."

"मग आठ महिने आम्हाला काय सांगत होतास?"

"सगळेच तसं सांगतात, दादा."

"अरे, मग परत का नाही आलास?"

"कुठल्या तोंडाने येऊ? गल्लीभर तूच सांगत सुटला होतास ना, माझा भाऊ तिकडे चंगळ करतोय म्हणून."

बाबा खाली बसले. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं, आणि रडूही फुटत होतं. मी फोन पुन्हा ओढून घेतला.

"काका, मीपण खोटंच लिहिलं होतं. आमच्या अख्ख्या वर्गाने लिहिलं होतं. बाई कुणालाच रागावल्या नाहीत. तू ये ना."

मग काकाने हळूच विचारलं, "दादा, माझं मशीन अजून दुकानात आहे?"

बाबांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "आहे रे. ते कुठे जातंय?"