दुसरं कुलूप

"हात ओढू नकोस. ओढशील तेवढ्या बेड्या आवळतील," पोलिसांच्या व्हॅनमध्ये रोरी म्हणाला.

"मग सोड की, बावळटा. अंगठा बधिर झालाय माझा."

"आधी ओरडायचं थांब."

ग्रिम्सबीच्या बस स्टॉपची काच कुणीतरी फोडली, लाल टोपीवाली पोरगी होती असं कुणीतरी सांगितलं, आणि लाल टोपी माझ्या डोक्यावर होती. मी पळाले नाही, हात उचलला नाही. शिव्या मात्र पोटभर दिल्या. रोरी पोलिसात नवाच. त्यानं माझे हात मागं घेऊन बेड्या घातल्या. प्रत्येक वळणावर मी त्यांच्यावरच आपटायची आणि त्या आणखी रुतायच्या. शनिवारी मला सलूनमध्ये नोकरीसाठी कात्री चालवून दाखवायची होती. शाळा सोडल्यापासून 'ये' म्हणणारं पहिलंच दार.

चौकीत सार्जंट हेझेल चहा पीत होत्या. त्यांनी आधी माझे हात बघितले.

"बेड्या कशाला?"

"ओरडत होती, मॅडम."

"माझा नवराही ओरडतो. त्याला कुठं घातल्यात मी? पळाली? मारलं?"

"नाही."

"मग कोर्टात काय सांगशील? कारण नसताना घातल्या तर कायदा त्याला मारहाण म्हणतो." त्यांनी बेड्या काढल्या. मनगटावर जांभळे वळ. "वाटेत ही काही म्हणाली होती?"

आता हा थाप मारणार, मला वाटलं.

"अंगठा बधिर झालाय म्हणाली. मला नाटक वाटलं," रोरी म्हणाला. "आणि दुसरं कुलूप लावायचं राहिलं."

ते लावलं की बेडीचं कडं आहे तिथंच थांबतं, आणखी आवळत नाही. एवढंच राहिलं होतं.

चौकीतल्या नर्सनं अंगठ्याला टाचणी टोचली. कळलं नाही मला.

"नस दबलीय. बहुतेक येईल परत."

"शनिवारपर्यंत?"

"आज सोमवार आहे. बघू या."

कॅमेऱ्यात काच फोडणारी दुसरीच निघाली. तक्रार कुठं करायची ते हेझेलबाईंनी नीट सांगितलं.

"कर," रोरी म्हणाला. "मी आज बोललो तेच बोलेन."

"बोलशील रे. बघू," मी म्हटलं.

कोठडीत घालताना काढलेल्या बुटाच्या नाड्या त्यांनी परत दिल्या. ओवल्या कशा तरी, पण बधिर अंगठ्यानं गाठ काही बसेना. रोरी फरशीवर गुडघे टेकून बसला.

"पाय पुढं कर."

शिवी ओठांवर आली होती. मी पाय पुढं केला.

"घट्ट झालं?"

"जरासं."

त्यानं गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.