एकोणीस बिऱ्हाडांची होडी

मित्रांनो, मी एक जुनी लांब होडी आहे. मलेशियातल्या सारावाकच्या डोंगराळ नदीवर, एकोणीस बिऱ्हाडांच्या लांबघराखाली बांधलेली. एकाच छपराखाली राहणारे हे इबान लोक जातील तिथे सगळे मिळून जातात, मयताला असो की मतदानाला. आणि प्रमुखाने पाय ठेवल्याशिवाय माझ्यात कुणी बसत नाही. प्रमुख उगाकच्या बापाने मला तासून घडवलं, तेव्हा माझं कोण कौतुक! आता फळ्या झिजल्या, सांधे उघडले. थकले हो मी.

पाच वर्षांपूर्वी आम्ही मतदानाला निघालो होतो. वाटेत केतुपोंग पक्षी डावीकडून ओरडला. "अपशकुन झाला, फिरवा होडी!" उगाक म्हणाला आणि सव्वीस मतं घरी परतली. जवळ दवाखाना आणीन म्हणणारा उमेदवार अकरा मतांनी पडला. पुढच्याच वर्षी बाळंतपणात अडलेली आमच्या लांबघरातली सेनिया माझ्यातच दगावली. इस्पितळ पाच तासांवर होतं. तिसऱ्या तासाला तिच्या आईने टाहो फोडला. तो मला अजून ऐकू येतो.

यंदा तोच उमेदवार पुन्हा उभा राहिला. नदी आटली होती आणि माझ्यात पाणी झिरपत होतं. उगाक म्हणाला, "यंदा राहू द्या. आपल्या मतांनी असा काय उजेड पडणार आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

तेवढ्यात सेनियाची आई पायऱ्या उतरली आणि चक्क प्रमुखाच्या आधी माझ्यात येऊन बसली.

"अगं, वेड लागलं का तुला? एकटी कुठे निघालीस?" उगाक ओरडला.

"मत द्यायला."

"तुला आता दवाखाना कशाला हवाय? तुझी तर..." तो अडखळला.

"माझी गेली, दादा. पण लायांगला सातवा लागलाय. तुझीच सून ना ती?"

उगाकने वल्हं उचललं. "हिला एकटीला कसं सोडायचं?" असं पुटपुटत बाकीचेही आले. मतासाठी नाही हो, तिच्यासाठी. वाटेत पक्षी पुन्हा ओरडला. सगळे उगाककडे बघायला लागले. त्याने मान खाली घातली आणि जोरात वल्हं मारलं. उथळ पाण्यात उतरून त्यांनी मला दोरांनी ओढलं. दगडांवर माझं बूड सोलून निघालं. त्या दिवशी पंचवीस बोटांना शाई लागली. सव्विसावं बोट सेनियाचं असतं.

तो उमेदवार निवडून आला. दवाखान्याचा मात्र अजून पत्ता नाही. लायांगचे दिवस भरत आलेत आणि उगाक रोज माझ्या भेगा बुजवत बसतो.

मित्रांनो, जुन्या होडीला जपा, असं मी म्हणायला हवं. पण खरं सांगू? मला आता मोडायचंय. तुम्ही मोठे झालात की मतदानाला जा. तुमच्या घरी गरज नसेल, शेजारच्या घरी असेल. दवाखाना उघडला की मला खुशाल चुलीत घाला. तोवर कुणी हात लावू नका. मला लायांगला न्यायचंय.