ढोबळीचे बी

गच्चीच्या कठड्यालगत, बुडाला भोके पडलेल्या अवस्थेत बसलेला मी एक जुना पत्र्याचा टब आहे. मित्रांनो, ज्या कारागिराने मला ठोकून आकार दिला, त्याच्याच लेकीच्या अंघोळीसाठी माझी निर्मिती झाली. लेक सासरी गेली, मी गळू लागलो. त्याने मला मोडीत न घालता माझ्यात माती भरली.

मिरची कोणती लावावी, यावरून पतिपत्नींत वाद झाला. त्याला तिखट हवी होती. तिला गोड, ढोबळी.

“तुझी ढोबळी म्हणजे रिकामा डबा,” तो म्हणाला. “वाजवून बघ, आत नुसती हवा.”

“आणि तुमची खाऊन कानातून धूर काढा! शेजारी बादल्या घेऊन धावतील.”

अखेरीस माझी वाटणी झाली. निम्म्यात तिखट, निम्म्यात गोड. दोन्ही भरभरून आल्या व माझी फार स्तुती झाली. तिने सर्वांत गोड ढोबळीचे बी वाळवून ठेवले. मात्र फुलांवरच्या मधमाश्यांनी ती वाटणी मानली नव्हती, तिखटाचे पराग गोडाच्या फुलांत नेऊन टाकले होते, हे तिच्या ध्यानी आले नाही.

पुढल्या हंगामात तिने तेच बी टबभर पेरले, कारण त्याच्या जिभेला दुर्धर रोग जडला होता आणि घरात तिखट नको झाले होते. त्यावर इस्पितळात दिलेल्या विजेच्या शेकांनी, म्हणजे रेडिएशनने, त्याचे तोंड आतून सोलून निघाले. पाणीसुद्धा झोंबे. तो नाकातून नळी घालू देईना. पोटात अन्न गेले नाही तर देह टिकणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

उन्हासाठी त्याची खाट गच्चीत आणली होती. “काय खावंसं वाटतं, ते तरी सांगा हो,” ती विनवी.

एके सकाळी तो कसाबसा म्हणाला, “तुझा तो रिकामा डबा दे. भाजून. मऊ करून.”

तिला कोण आनंद झाला! फळे यंदा जरा निमुळती होती. मातीचा कस उतरला असेल, असे तिला वाटले. तोडताच तिने शेंडा चाखून पाहिला. गोड होता. परंतु मित्रांनो, मिरचीचा जाळ देठाकडे, बियांच्या गाभ्यात असतो.

पहिला घास जाताच त्याने खाटेची कड घट्ट धरली. ओरडण्यास आवाज उरला नव्हता.

“वहिनी, चाखून तरी द्यायची!” त्याची बहीण किंचाळली.

“चाखली होती गं. शेंडा खाल्ला होता मी.”

त्यानंतर तिच्या हातात वाटी दिसली की तो ओठ मिटून घेई. बहिणीच्या हातून चमचाभर दूध जाई; पुढे तेही थांबले. झाडावरची फळे लाल होण्यापूर्वीच तो गेला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बहीण त्या घासाची हकिगत सांगे, आणि ती खाली मान घालून ऐके.

आता मला कोणी पाणी घालीत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, गोड मिरचीचे बी तिखटाच्या शेजारून धरू नका. आजाऱ्याला द्यायचे फळ देठापासून चाखा. आणि इतके करूनही चूक झालीच, तर भरवणाऱ्या हाताला बोल लावू नका. त्या हाताला पुढे एकट्याने जेवायचे असते.