सव्वापट

लिफ्ट तपासणं हा ज्याचा धंदा, त्या माणसाचा जगात कशावरच विश्वास नसतो. आपल्या या गृहस्थाला ऑफिसात सगळे 'सव्वापट' म्हणायचे. लिफ्टवर जेवढं वजन लिहिलेलं असेल त्याच्या सव्वापट लोखंडी ठोकळे आत रचायचे, प्रत्येक ठोकळ्यावर वजनाची चिठ्ठी आहे का बघायचं, मग लिफ्ट वर-खाली करायची आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. नियमच तसा, त्याला कोण काय बोलणार? पण माणसानं नियम ऑफिसात ठेवून घरी यावं की नाही? हा घरीही घेऊन यायचा. मुलांचा झोका, पुस्तकांची फळी, कपडे वाळत घालायची दोरी, सगळ्याला आधी सव्वापट. "मलासुद्धा ठोकून-वाजवूनच घरात आणलंय यांनी," असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि तो ते कौतुक समजायचा.

तर या सव्वापटाला एक तरंगती चटई निवडायची होती. रविवारी ही मंडळी तलावावर जात. त्याची एक छोटी मोटरबोट होती, निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली. तलावाच्या मध्यावर नांगर टाकायचा, डबे उघडायचे, पोहायचं, संध्याकाळी परत यायचं. बोटीत पाय पसरायला जागा नाही, म्हणून मुलांनी टुमणं लावलं होतं की हवा भरायची ती मोठी चटई घेऊ, बोटीला बांधू, तिच्यावर लोळू. मुलांना ती उड्या मारायला हवी होती. बायकोला पडून राहायला हवी होती. आणि सव्वापटाला ती का हवी होती, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याला ती ताईमुळे हवी होती.

ताई ही त्याची सख्खी मोठी बहीण. आई कामावर जायची तेव्हा याला न्हाऊ-माखू घालणारी, शाळेत सोडणारी, पोटाखाली हात धरून पोहायला शिकवणारी. आता त्याच्या डोक्यावर निम्मे केस पांढरे झाले तरी त्याला 'छोट्या' म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. तिचे यजमान गेल्यापासून ती एकटी राहायची, आणि रविवारची बोट हा तिच्या आठवड्यातला एकच दिवस होता की ज्याची ती वाट बघायची. अंगानं ती पहिल्यापासून भरलेली, त्यात अलीकडे आणखी सुटली होती. पण पाण्यात पडली की मासा. पोरं तिच्या मागे 'आत्या, आत्या' करत दमून जायची.

मागच्या महिन्यात एका रविवारी घोळ झाला. ताई पोहून आली आणि बोटीच्या शिडीवरून तिला वर येता येईना. शिडी अरुंद, तिचा पाय घसरला, बोट एका बाजूला कलली. बायकोनं वरून हात ओढला, शेजारच्या बोटीतले दोघे अनोळखी पुरुष पाण्यात उतरले आणि खालून ढकलू लागले. आजूबाजूच्या बोटींतले लोक हसायला लागले. एकानं तर मोबाइल वर केला. ताई स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. "अहो, क्रेन मागवा, क्रेन," असं ओरडत होती.

आणि त्या वेळी तिचा सख्खा भाऊ कुठे होता? बोटीच्या पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, नांगराचा दोर सोडवत. दोर गुंतला होता म्हणे. दोराला धाड भरली नव्हती. चांगला सरळ, गुंडाळून ठेवलेला दोर होता, तो यानंच हातानं विस्कटला आणि पुन्हा गुंडाळत बसला, ताई वर येऊन पंचा गुंडाळेपर्यंत. मग मागे येऊन विचारतो, "काय गं, काय झालं? मी दोराशी झटत होतो, मला काही कळलंच नाही."

त्यानंतरच्या रविवारी ताई आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघाच. पोरं हिरमुसली, बायको म्हणाली की तुम्ही जाऊन घेऊन या त्यांना. तो गेला नाही. ताई येत नाही याचं त्याला वाईट वाटत होतं आणि कुठेतरी आत बरंही वाटत होतं. हे बरं वाटणं त्याला रात्रंदिवस खात होतं. म्हणून त्यानं ठरवलं, अशी चटई घ्यायची की ताई तिच्यावर बसली तरी ती तसूभर हलणार नाही. मग कुणी हसणार नाही. मग ताईला बोलावता येईल. आपण हे ताईसाठी करतोय असं त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ते जवळजवळ पटलंही.

दुकानात मालकीणबाईंनी त्याला तीन चटया दाखवल्या. एक मऊ, गादीसारखी. मधोमध बसलं की खड्डा पडायचा, ती तिथंच बाद झाली. दुसरी नुसती फोमची, गुंडाळायची, तिला हवाच नाही. तिसरी हवा भरली की फळीसारखी कडक व्हायची आणि तिच्या एका टोकाला पाण्यात सोडलेली जाळी होती. "पाण्यातून वर यायला ही जाळी बरी," बाई म्हणाल्या. त्याचं लक्ष जाळीकडे नव्हतं, कोपऱ्यात छापलेल्या वजनाच्या आकड्याकडे होतं. कोण कोण बसणार, असं बाईंनी विचारलं. त्यानं सांगितलं, आम्ही दोघं, दोन मुलं आणि एक मोठी व्यक्ती.

"मोठी म्हणजे वयानं?" बाईंनी सहज विचारलं.

"हो, हो. वयानंच," तो म्हणाला, आणि त्याचे कान तापले. बोलून चालून अनोळखी बाई, तिच्याशी खोटं बोलायचं काय नडलं होतं? पण चोराच्या मनात चांदणं. चटई पसंत नाही पडली तर कोरडी करून परत आणा, असं बाईंनी सांगितलं आणि तो ती घेऊन निघाला.

आता शहाण्या माणसानं ती सरळ रविवारी तलावावर नेली असती. हा कसला नेतो? मधल्याच वारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, घरी कुणाला काही न सांगता, सकाळी सकाळी हा एकटा तलावाच्या धक्क्यावर गेला. गाडीत चटई, पंप आणि पाण्याचे रिकामे कॅन. पाणीवाल्याकडून मागून आणलेले, वीस लिटरचे. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. रखवालदार त्याच्या खोलीत रेडिओ ऐकत होता. लांबच्या शिडीपाशी कुणाच्या तरी चपला आणि एक पिशवी होती, तिकडे यानं लक्ष दिलं नाही. चटई फुगवली, पाण्यात सोडली, दोन्ही कोपरे खुंटांना बांधले. मग नळावर कॅन भरले आणि हातगाडीवरून आणून एकेक करून चटईवर रचायला लागला.

सवय ती सवय. चिठ्ठीशिवाय वजन ठेवणं याला जमेना. म्हणून प्रत्येक कॅनवर कागदाची पट्टी चिकटवून त्यानं जाड पेनानं नाव लिहिलं. मी. बायको. लेक. चिरंजीव. घरच्यांची वजनं त्यानं घरच्या काट्यावर घेतली होती, ती जशीच्या तशी धरली. ताईचं वजन माहीत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. ते त्यानं अंदाजानं धरलं, अंदाजही सढळ हातानं धरला, आणि त्याला वरून सव्वापट लावलं. एकटीलाच. ताईच्या नावाचे सात कॅन झाले. ते चटईच्या कडेला, जिथं ती बसेल असं त्याला वाटत होतं तिथं, त्यानं दाटीनं रचले. चटई जराशी दबली आणि थांबली. तो हाताची घडी घालून उभा राहिला. त्याला फार समाधान वाटलं.

"छोट्या?"

आवाज पाण्यातून आला होता. बांधलेल्या बोटींच्या रांगेमागून ताई पोहत येत होती. डोक्याला टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना पोहायचा पोशाख. ती आली, चटईच्या जाळीला धरून तरंगत राहिली आणि तिची नजर कॅनवर गेली. धावत जाऊन पट्ट्या फाडाव्यात असं त्याला वाटलं, पण पाय हलेनात. तिनं एक पट्टी वाचली, दुसरी वाचली. ताई. ताई. ताई. सातही वाचल्या.

"हे काय रे?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. भाराची चाचणी असते, नियम असतो, सुरक्षेसाठी थोडं जास्तीचं धरायचं असतं. जितकं सांगत गेला तितका खोल जात राहिला. ताईनं मध्ये तोंड घातलं नाही. त्याचं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"सगळ्यांना धरलंस जास्तीचं?"

खोटं बोलावं, असं क्षणभर त्याच्या जिभेवर आलं. "नाही," तो म्हणाला. "तुझं वजन मला माहीत नव्हतं."

"विचारायचं होतंस. पाच कॅनसुद्धा पुरे भरत नाहीत माझे." ती हे चिडून म्हणाली नाही. दुकानदारानं मापात चूक केल्यावर सांगावं तसं म्हणाली. त्यानं त्याला जास्त लागलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, तू इथं कशी, गुडघा दुखतो म्हणाली होतीस ना. ताईनं तोंडावरचं पाणी पुसलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. त्या रविवारनंतर ती रोज सकाळी इथं यायची, लांबच्या शिडीवर चढायला शिकायची. पहिले काही दिवस नुसती लोंबकळत राहिली. मग रखवालदाराच्या बायकोनं सांगितलं, मागे झुकू नका, अंग शिडीला चिकटवा, खालच्या पायरीवर आधी नीट उभ्या राहा. आता जमायला लागलं होतं. येत्या रविवारी येणारच होती, म्हणाली.

"अगं पण कशाला एवढं?" तो म्हणाला. "आम्ही होतो की ओढायला."

आम्ही, म्हणे! बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच तोंड कुठे लपवू असं झालं.

ताई थोडा वेळ जाळीशी चाळा करत राहिली. "त्या दिवशी चारचौघांत तुला फार कानकोंडं झालं असेल," ती म्हणाली. "म्हटलं, आपण सुधारावं."

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं त्याला झालं. आणि इथं तरी यानं खरं बोलावं की नाही? नाही बोलला. "मला? छे. मी दोराशी झटत होतो ना, मला काही कळलंच नाही," असं तो पुन्हा म्हणाला, अगदी तसंच, त्याच शब्दांत.

"हो, सांगितलं होतंस तू," ताई म्हणाली. मग ती शिडीकडे वळली. "आता मी वर येते. तू जरा तिकडे तोंड कर. कुणी बघत असलं की माझा पाय चुकतो."

त्यानं तोंड फिरवलं. मागे पाण्याचा आवाज येत होता, शिडी करकरत होती, ताईचा श्वास ऐकू येत होता, आणि हा समोरच्या सात कॅनकडे बघत उभा होता. या वेळी निदान कुणीतरी सांगितलं म्हणून पाठ केली होती. त्यानं त्याला जराही बरं वाटलं नाही.

वर आल्यावर ताईनं अंग पुसलं, चपला घातल्या आणि त्याला कॅन रिकामे करायला मदत केली. आपल्या नावाचे कॅन तिनंच ओतले. पट्ट्या ओल्या होऊन सुटल्या होत्या, त्या तिनं गोळा करून पिशवीत टाकल्या, तलावात कचरा नको म्हणून. चटई मात्र छान आहे, हीच ठेव, एवढं म्हणाली आणि गेली.

रविवारी ताई आली. पोरांनी तिला सोडलंच नाही. चटई बोटीला बांधली, सगळे तिच्यावर लोळले, ताई जाळीवरून दोनदा अशी अलगद वर आली की कुणाच्या लक्षातही आलं नाही. बायको डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाली, "निवड चांगली केलीत हं." त्यानं हूं केलं. ताई बोटीच्या शिडीला हात घालेल त्या क्षणाची तो दिवसभर वाट बघत होता आणि त्याच क्षणाला भीत होता.

परतायची वेळ झाली. चटईतली हवा सोडून ती गुंडाळली. सगळ्यात शेवटी ताई पाण्यात होती, शेवटची एक चक्कर मारून येते म्हणाली होती. शेजारी तीच बोट होती, तेच दोघे पुरुष. एकानं मान वळवून ताईकडे बघितलं. सव्वापट नांगराजवळ बसला होता. तो उठला. दोर तसाच टाकला, बाकांवरून ठेचकाळत मागे आला, शिडीपाशी गुडघे टेकले आणि सगळ्यांच्या देखत हात पुढे केला.

ताईनं खालच्या पायरीवर पाय ठेवला. नीट उभी राहिली. अंग शिडीला चिकटवलं. मग वर बघितलं.

"हात काढ रे मधून," ती म्हणाली. "धरायला तेवढीच जागा आहे."

त्यानं हात काढला. ताई एकेक पायरी चढून वर आली. बोट जेमतेम हलली. कुणी हसलं नाही, त्या दोघांनी केव्हाच दुसरीकडे बघायला सुरुवात केली होती. तो गुडघ्यांवरच होता, हात अजून अर्धवट पुढे. ताईनं बाकावरचा पंचा उचलला, त्याच्या शेजारी बसली आणि केस पुसता पुसता, बायकोला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाली,

"आज दोर नाही का गुंतला?"

ताईच्या पायाशी पाणी साचलं होतं. शेजारचं फडकं घेऊन तो ते पुसत राहिला, कोरडं झालं तरी.