दारामागचा हिशेब

मित्रांनो, घाबरलेलं कपाट तुम्ही कधी पाहिलं नसेल. मग आज पाहून घ्या. मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. माझी बिजागरी कुरकुरते तेव्हा माझी आताची मालकीण मिरी म्हणते, "तेल घालायला हवं." तेलाने काय होणार? ती कुरकुर भीतीची आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकून, वाकवून, हिरवा रंग फासून मला उभं केलं, पोटात एक चोरकप्पा दिला आणि दुकानात ठेवलं. तिथून मला एका तरुण माणसाने घरी नेलं. तो छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायचा. उलटी अक्षरं सुलटी वाचणारा माणूस! छापखान्याचा मालक म्हणायचा, "याच्या नजरेतून काना सुटत नाही, की मात्रा." चूक काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याची एक गंमत होती. तो कोणतीही वस्तू रुपयांत मोजत नसे, पगारात मोजत असे. मला आणलं त्याच दिवशी माझ्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलीने लिहिलं : कपाट, दोन पगार. पुढे त्याखाली ओळ आली : घर, व्याजासकट चाळीस पगार. दर पहिल्या तारखेला वाणसामान आणण्याआधी तो पाव पगार माझ्या चोरकप्प्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी कपाटाचं, मग पोटाचं." तेरा वर्षं चार महिन्यांत घर फिटलं. घराचे कागद माझ्याच पोटात आले. त्या दिवशी पेढ्यांऐवजी मला रंगाचा नवा हात मिळाला. काय माझा थाट होता! पाहुण्यांना माझं दार उघडून दाखवलं जायचं. लोक देवघरापुढे उभे राहावेत तसे माझ्यापुढे उभे राहायचे.

मग काळ सरला. खिळे जुळवणारा तरुण आजोबा झाला. त्याची नात, जिला घरात सगळे मिरी म्हणतात, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायला दूरच्या शहरात निघाली. आजोबांनी कागद काढून घेतले, मला टेम्पोत चढवलं आणि तिला बजावलं, "आधी कपाटाचं, मग पोटाचं. विसरू नकोस."

मिरी विसरली नाही, मित्रांनो. याला मी साक्षी आहे. पगाराच्या दिवशी ती न चुकता चोरकप्पा उघडायची. पण अर्धा पगार खोलीच्या भाड्यात जायचा आणि जेवण, बस, औषधं उरकली की हातात दहावा हिस्सा उरायचा. तोही टिकेना. वर्ष भरलं की घरमालक हसत हसत यायचा. "भाडं वाढवावं लागेल हो, तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून आधी सांगतो." मग नवी खोली, दलालाचा अर्धा पगार, टेम्पोचा पाव, वर वाढीव अनामत. चार वर्षांत मी चार जिने चढलो, आणि प्रत्येक जिन्यावर माझं पोट रिकामं होतं.

चौथ्या जिन्यावर हमालाने मला खाली टेकवलं आणि घाम पुसत म्हणाला, "ताई, या धुडाच्या किमतीपेक्षा आमची मजुरी जास्त झाली. पुढच्या वेळी भंगारात द्या."

तेव्हापासून रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली, की माझे पाय गार पडतात.

गेल्या रविवारी दुपारी आजोबा आले. बगलेत पिशवी, पिशवीत घराचे कागद. मी ते लगेच ओळखले. पंचवीस वर्षं पोटात वागवले होते.

"किती दिवस लोकांच्या खोल्या झाडणार?" आजोबा म्हणाले. "उद्या बँकेत जाऊ. माझं घर गहाण टाकू, तुझं घेऊ. थोडी काटकसर केलीस की सात-आठ वर्षांत सोडवशील."

"आजोबा, आधी पाणी तरी घ्या."

"पाणी फुकट आहे, घेतो. विषय बदलू नकोस. रोज विकतचा चहा, दर वर्षी नवी खोली! आमच्या वेळी असं नव्हतं."

मिरी हसली. मग तिने माझं दार उघडलं. आजोबांच्या ओळींशेजारी तिने आपल्या ओळी लिहिल्या होत्या, त्याच मापाने, पगारात.

"वाचा," ती म्हणाली. "चहा गेल्या वर्षी सोडला. वर्षाचा पाव पगार वाचला. तो टेम्पोवाल्याने नेला. इथलं लहानात लहान घर दोनशे दहा पगारांचं. दहावा हिस्सा टाकत गेले तर पावणेदोनशे वर्षं लागतील. तोवर थांबाल ना?"

"बँक कशासाठी असते मग?"

"बँकेला पाचवा हिस्सा आधी हवा. बेचाळीस पगार. तुमचं अख्खं घर चाळिसात आलं होतं."

आजोबांनी चष्मा पुसला. खिशातली पेन्सिल काढली. प्रत्येक आकड्याखाली टोक टेकवत वाचू लागले, वरून खाली, मग खालून वर.

मित्रांनो, मी उघड्या दाराने उभा होतो. या माणसाने आयुष्यभर चुका शोधल्या होत्या. मी मनोमन विनवत होतो, आज एक चूक शोधा. एक शून्य जास्त पडलं असेल. तिला ओरडा, वेंधळी म्हणा, पण चूक शोधा.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांची पेन्सिल शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे लिहिलं होतं : काम, दोन महिने.

"हे काय?"

"करार तेवढाच उरलाय. पुढचा कागद येईल की नाही, कुणी सांगत नाही. नाही आला तर हप्ता कुठून भरू? माझं घर जाईल आणि तुमचंही. एक छप्पर तरी राहू द्या, आजोबा."

मग आजोबांनी तिच्या हिशेबाखाली, छापखान्यात तपासलेल्या पानावर करायचे तशी, बारीक सही केली. म्हणजे चूक नाही. कागद पिशवीत परत गेले. जाताना ते तिला 'काटकसर कर' म्हणाले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता दोन महिन्यांनी काय होईल, मला ठाऊक नाही. पाचवा जिना माझ्या नशिबी असेल किंवा भंगाराचा काटा. लोखंडाचं वजन करणारा वजनच करील, त्याच्यावर माझा राग नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हणालं, की हल्लीच्या पोरांच्या हाताला भोक आहे, तर त्यांना एक पेन्सिल द्या आणि पगारात मोजायला सांगा. आणि एखादं जुनं कपाट विकायला काढाल, तर त्याचं दार आधी आतून वाचा.